ठिपके नसलेली जागा

प्रिय बैतोंग,

हे पत्र मी रायोंगला जाऊन तिथल्या पोस्टात टाकणार आहे. हसू नकोस. आपल्या पोस्टात खिडकीवर बसणारी बाई आमच्या बंदर कंपनीतल्या विरुतसाहेबांच्या घरी पत्ते खेळायला जाते, आणि हल्ली कोण कुणाच्या घरी जातं-येतं हे बघत राहायची मला सवयच लागली आहे. फोनवर लिहिलं असतं, पण फोन कंपनीनं दिलेला आहे. शिवाय माझे मागचे निरोप तू उघडूनही पाहिले नाहीस. कागद निदान वाचशील. शाळेत असताना माझ्यावर रुसलीस की माझी चिठ्ठी तू फाडायचीस खरी, पण आधी वाचायचीस.

लमयमावशी, आपली पा लमय, बरी आहे असं लिहिलं तर तुला ते खोटं वाटेल, तुझ्या आईला तू ओळखतेस. म्हणून आहे तसं लिहिते. तिनं घरातल्या सगळ्या सुऱ्या गुंडाळून तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवल्या आहेत. सोमतमच्या कोशिंबिरीसाठी कच्ची पपई किसायची तर बंदराच्या फाटकापाशी आपल्या दुकानावर जाऊनच किसते. तुझ्या बाबांच्या दुखण्याच्या गोळ्या तिच्या कमरेच्या पिशवीत असतात. ते कुबड्या घेऊन न्हाणीघरात गेले की ती दाराबाहेर उभी राहते आणि दर थोड्या वेळानं काहीबाही विचारते. भात आत्ता लावू का, पंखा बंद केला का. त्यांनी उत्तर दिलं की तिचा श्वास सुटतो. परवा मी तिथेच बसले होते. आतून तुझे बाबा शांतपणे म्हणाले, “लमय, बुडून मरण्याएवढं पाणी या बादलीत मावत नाही.” ती हसली नाही. मीही नाही.

तुला सांगितलं गेलं आहे ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच सांगितलं गेलं. तुझे बाबा, मला सख्ख्या काकांसारखे लुंग थविन, आयुष्यभर कंटेनरचा ट्रक चालवायचे, मग बंदरावर बिनचालकाच्या गाड्या आल्या. त्यांच्या हातातलं चाक गेलं आणि हातात आली ती लोखंडी पहार. कंटेनरच्या तळाच्या कोपऱ्यातल्या खिट्ट्या काढायच्या, ढिगात टाकायच्या. ज्या गल्लीतून ते एकेकाळी डोळे मिटूनही ट्रक मागे घ्यायचे, त्याच गल्लीत आता बिनकेबिनची गाडी आली की बाजूला सरकून उभं राहायचं. मनाला लागलं होतं त्यांच्या, ते काही त्यांनी लपवलं नाही. पा लमयच्या दुकानावर सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, “एक दिवस हिच्या पुढ्यात उभाच राहतो. बघू, मला ओळखते का.” तेव्हा सगळे हसले होते. माझ्याही तोंडात शेंगदाणे होते आणि मला ठसका लागला होता. तसल्याच एका गाडीनं त्यांना धडक दिल्यावर मात्र तेच वाक्य गावभर फिरलं, आणि त्यातलं हसू तेवढं कुठेतरी गळून गेलं.

मग त्यात एकेक भर पडत गेली. कुणी म्हणालं, आदल्या आठवड्यात त्यांनी आपला बुलबुल पिंजऱ्यासकट शेजाऱ्याला देऊन टाकला. माणूस जायचं ठरवतो तेव्हाच असं आवरतो, नाही का? कुणी म्हणालं, ते देवळात जाऊन बराच वेळ भंतेजींशी बोलत बसले होते. आणि तू मला रडत सांगितलंस की त्या दिवशी सकाळी त्यांचा तुला लंपांगला फोन आला होता, आणि ते म्हणाले होते, “आईकडे तूच बघ गं आता, माझ्यानं होत नाही.” बैतोंग, त्यानंतर तू एकदाच दवाखान्यात आलीस, त्यांच्या पायथ्याशी उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. तू रागावली होतीस. ज्याला आपण हवे आहोत असं वाटत होतं, तो माणूस आपल्याला टाकून चालला होता, असा तो राग होता. मला तो समजला. मीसुद्धा त्यांच्याकडे त्याच नजरेनं बघत होते.

पण मी संशयखोर आहे, हे तुझ्या आईनंच मला लहानपणी चिकटवलेलं विशेषण. बुलबुलाचं मला पटेना. म्हणून शेजारचे खामदी आजोबा त्यांच्या मुलाकडून परत आल्यावर मी जाऊन सरळ विचारलं. ते म्हणाले, दिला कसला, सांभाळायला ठेवलाय, जोडून आलेल्या सुट्टीत थविन पोरीकडे लंपांगला जाणार होता ना. म्हणजे तुझ्याकडे. तुला आगाऊ सांगायचं नव्हतं, दारात येऊन उभं राहायचं होतं. भंतेजींना ते प्रवासाचा चांगला दिवस विचारायला गेले होते. हे आजोबांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

तुझ्या फोनबद्दल मात्र मला काहीच सांगता येत नाही. ते तू आणि ते. मी तिथे तर्क लढवणार नाही.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गाड्यांच्या चारही कोपऱ्यांवर आणि माथ्यावर एकेक भांडं फिरत असतं. त्यातून लेझरचा उजेड सुटतो, डोळ्यांना न दिसणारा. समोर काही असलं की तो त्यावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून वस्तू किती लांब आहे ते गाडी काढते, आणि त्या जागी एक ठिपका ठेवते. असे अगणित ठिपके. त्या ठिपक्यांनी भिंत उमटते, खांब उमटतो, माणूस उमटतो. चेहरा नाही, रंग नाही, नुसता आकार. माझं काम हे ठिपके तपासायचं. गाडी रेघेवरून सरकते का, तिचा एखादा डोळा तिरका झाला का. दिवसभर मी ठिपक्यांचं बंदर बघत असते. खरं बंदर मला कधीकधी गर्दीचं वाटतं.

अपघाताच्या दिवशी दुपारी धो धो पाऊस होता. कॅमेऱ्यांवर नुसता राखाडी पडदा, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. म्हणून चौकशीत कंपनीनं लेझरचं चित्र दाखवलं. आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून दाखवलं, कामगारांच्या पुढाऱ्यांनाही. रिकामी गल्ली, स्वच्छ, दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती. गाडी येते आहे. गल्लीत कुणी नाही. कुणी नाही. आणि मग एकदम धक्का, गाडी थांबलेली, आणि जमिनीवर माणूस. जणू वरून टाकला. विरुतसाहेब म्हणाले, दोन कंटेनरमधल्या फटीतून त्यानं शेवटच्या क्षणी उडी घेतली, यंत्र तरी काय करणार. पुढाऱ्यांनी माना खाली घातल्या. दुकानावरचं ते वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं होतं.

मला त्या चित्रात काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. जेवता जेवता एकदम लक्षात आलं. चित्रात पाऊस नव्हता. इतका पाऊस पडत असताना हवेत थेंबांचे सुटेसुटे ठिपके उडताना दिसायला हवेत, मी ते रोज बघते. हे चित्र धुऊन पुसून दिलेलं होतं. मी शेजारच्या टेबलावरच्या वीराला विचारलं. तो म्हणाला, त्यात काय, गाडीसुद्धा एकटेदुकटे ठिपके पाऊस समजून टाकूनच देते, नाहीतर दर थेंबाला ब्रेक लावत बसेल. मी म्हटलं, मग मूळचं चित्र दाखव. तर ते पुसलं गेलं होतं. नियमाप्रमाणे पुसलं गेलं म्हणे. माणूस दवाखान्यात असताना कुठला नियम असतो, मी विचारलं, तेव्हा वीरा खुर्ची वळवून आपल्या कामाला लागला. त्या दिवसापासून मी वीराचाही संशय घेऊ लागले. बिचारा दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नारळाची बर्फी घेऊन आला, तर ती खाताना मी त्याच्याकडे बघत होते की हा मला खूश का करतोय. माझी अशी गत झाली होती.

मग मला सुचलं, की त्या गल्लीत तेव्हा दुसरी एक गाडी उभी होती. पलीकडच्या रांगेत, क्रेन मोकळी व्हायची वाट बघत. हॉलमधल्या चित्रात तिचा कोपरा दिसला होता. उभ्या गाडीची नोंद कुणी मागत नाही, म्हणून कुणी पुसतही नाही. आणि ती गाडी माझ्या तपासणीच्या यादीतली होती, म्हणजे मी काही चोरून उघडलं नाही. मी ते उघडलं तेव्हा आधी पाऊसच दिसला. सगळीकडे थेंबांची धूळ. त्याच्या मागे लुंग काम करत होते त्या बाजूची कंटेनरची भिंत, सपाट, ठिपक्यांनी गच्च भरलेली. आणि त्या भिंतीत एक भोक होतं.

बैतोंग, ते भोक माणसाच्या आकाराचं होतं.

तुला आठवत असेल, त्या लोकांना काळ्या प्लॅस्टिकचे रेनकोट देतात, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि खाली काळे गमबूट. चमकणारं जाकीट त्याच्या आत राहतं. ओलं काळं प्लॅस्टिक लेझरचा उजेड परत पाठवतच नाही. थोडा गिळतं आणि थोडा आरशासारखा भलतीकडे फेकून देतं. त्यामुळे त्या जागी ठिपका पडत नाही. पण उजेड माणसाच्या पलीकडेही जात नाही, म्हणून मागची भिंतही उमटत नाही. जिथे माणूस उभा होता तिथे भिंत नव्हती, एवढंच. ज्या गाडीनं धडक दिली तिच्या बाजूनं तर मागे भिंतही नव्हती, लांबवर मोकळी ओली गल्ली. तिच्या हिशेबी तिथे काहीच नव्हतं. तिनं एक रिकामी जागा पाहिली आणि ती रिकामीच समजली. धडकेत रेनकोट फाटून आतलं जाकीट उघडं पडलं, तेव्हा कुठे जमिनीवरचा माणूस तिला दिसला.

उभ्या गाडीच्या बाजूनं ते आडवे दिसतात. मी पुढे-मागे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. भोक आधी उंच असतं, सरळ. मग बुटकं होतं, रुंद होतं. ते वाकले. कंटेनरच्या पायाशी अडकलेली खिट्टी काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. भोकाच्या खाली जमिनीलगत ठिपक्यांचे दोन लहान पुंजके आहेत, हलणारे. पांढरे सुती हातमोजे. तुझ्या बाबांचे एवढेच दिसले त्या येणाऱ्या गाडीला, आणि तेही तिनं पाऊस म्हणून टाकून दिले. गाडी त्यांच्या पाठीमागून येते. ते वळून बघत नाहीत, उभे राहत नाहीत. हात खिट्टीवरच आहेत. बैतोंग, कुणीही उडी मारलेली नाही. एक माणूस आपलं काम करत होता.

मी ते घेऊन विरुतसाहेबांकडे गेले. माझी चूक झाली की नाही, अजून ठरवता येत नाही. मी पडद्यावर दाखवत होते आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते, दार बंद आहे ना म्हणून. त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं. सगळं झाल्यावर ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “रिन, तू हुशार पोरगी आहेस. पण तिथे काही दिसत नाही हेच तू मला दाखवते आहेस. न दिसणाऱ्या गोष्टीला पुरावा म्हणून कुठे उभं करणार?” मी म्हटलं, सर, मग सावलीला तुम्ही काय म्हणता? ते हसले आणि म्हणाले की मी थकलेली दिसते.

त्यानंतर माझ्या घरी फळांची टोपली आली, एवढी मोठी की आईला वाटलं कुणी मागणी घालायला आलंय. मग मला दक्षिणेकडच्या बंदरात वरच्या जागेवर जाशील का, असं विचारण्यात आलं. मी विचार करते म्हटलं. पुढच्या सोमवारी त्या नोंदींच्या खोलीचं दार माझ्या कार्डानं उघडेना. यंत्र बिघडलंय, दुरुस्त होईल, असं सांगतात. ते चित्र त्याआधीच मी दुसरीकडे नेऊन ठेवलेलं आहे. कुठे, ते या पत्रातही लिहीत नाही. रागावू नकोस, तुझ्यावर अविश्वास नाही. पण हल्ली मी भिंतीलासुद्धा पाठ देऊन बसत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती आहे ती वेगळीच. पाऊस अजून संपलेला नाही आणि गाड्या चालू आहेत. लोक तेच काळे रेनकोट घालून त्याच गल्ल्यांत वाकतात. मी खिट्टीवाल्यांच्या मुकादमाला, चरणला, बाजूला घेऊन सांगितलं की जाकिटं रेनकोटाच्या वरून घालायला लावा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, हे तुला कुणी सांगायला पाठवलं? कंपनीनं? पुन्हा काही झालं तर जाकीट वरून नव्हतं म्हणायला मोकळे? बघ, तोही माझा संशय घेतो. पण दुसऱ्या दिवशी दुकानावरून पाहिलं तर त्याच्या टोळीतली निम्मी माणसं जाकीट वरून घालून चालली होती. चरणनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही हात केला नाही.

मग मी तुझ्या घरी गेले आणि ते चित्र लुंगना दाखवलं. मला वाटलं होतं, ते रडतील, नाहीतर शिव्या तरी देतील. त्यांनी चष्मा लावला, खूप वेळ बघितलं. त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, तुला माहीत आहे. सकाळी मोटरसायकल सुरू केली, तिथपर्यंतच. पुढे दवाखान्याचं छत. ती मधली जागा इतके दिवस लोकांनी भरली. डॉक्टरांनी, साहेबांनी, शेजाऱ्यांनी, पा लमयनं लपवलेल्या सुऱ्यांनी. चष्मा काढून ते मला म्हणाले, “पोरी, तू चांगलं मन ठेवून आणलंस. पण मीच केलं असणार. सगळे सांगतात. मी तसं बोललोही होतो. मला आठवत नाही म्हणून मी केलं नाही, असं कसं म्हणू?” मी वाद घातला. चिडले. ते म्हणाले, हे भोक तर कुणाचंही असू शकतं. पा लमय दारात उभी होती. तिनं चित्राकडे एकदाही बघितलं नाही, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आणि मला पहिल्यांदाच कळलं, की ज्या माणसावर घरचे, दारचे सगळे नजर ठेवून असतात, तो शेवटी स्वतःवरही नजर ठेवायला लागतो.

आता हे पत्र का, ते सांगते. वर्षावास संपवणारा वान ओक फान्साचा सण झाला की लगेच कंपनीची माणसं घरी येणार आहेत. लुंगनी एका कागदावर सही करायची आहे, की मी स्वतःच्या मर्जीनं गाडीपुढे गेलो. सही झाली की प्रकरण मिटेल आणि पा लमयचं दुकान फाटकापाशी राहील, असं त्यांना गोड शब्दांत सांगण्यात आलं आहे. ते सही करायला तयार आहेत. दुकानासाठी नाही, त्यांना ते खरंच वाटतं म्हणून. मी ते चित्र कामगार न्यायालयात नेणार आहे. नोकरी राहणार नाही, ते मी धरून चालले आहे. पण त्यांनी सही केली तर ते चित्र कुणी बघणारही नाही. मी निघताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, “बैतोंगनं हे बघितलंय का?” माझ्यावर, वकिलावर, यंत्रावर त्यांचा विश्वास बसणार नाही. तू बघ. चित्रातला तो माणूस वाकतो तेव्हा उजवा गुडघा मोडतो आणि डावा पाय मागे ताठ पसरतो, टाच उचललेली, बगळ्यासारखी. मी ते पाहिलं तेव्हा मला तुमचं अंगण दिसलं, आणि अंगणात तुझ्या पायातला काटा काढायला वाकलेले तुझे बाबा. मी सांगितलं तर तो माझा तर्क ठरतो. तू त्या माणसाच्या खांद्यावर बसून मोठी झालीस. सणाच्या आत ये. फोनचं काय ते नंतर विचार, भांड, हवं तर परतही जा. पण एकदा त्यांच्याशेजारी बसून ते चित्र बघ, आणि तो कोण आहे आणि काय करतोय, ते त्यांना तुझ्या तोंडून सांग.

वाट बघत असलेली, तुझीच
रिन